न पुसलेला रणगाडा

दार उघडलं आणि वहिनीच्या हातातलं फडकं गळून पडलं... समोर धाकटा दीर उभा होता!

"दादा म्हणाला, तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे..." तो अडखळला. 'वहिनी' ही हाक मात्र ओठांवर आली नाही. जिच्यासाठी तिचा जीव इतकी वर्षं आसुसला होता, नेमकी तीच!

सासूबाई गेल्या तेव्हा हा एवढासा होता. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, वाढवलं. स्वतःला मूल नाही, याची खंतही त्याच्यामुळे तिला कधी शिवली नाही. आणि तुटलं कशावरून? तर एका प्लॅस्टिकच्या रणगाड्यावरून! महायुद्धातला जर्मन रणगाडा. नखाएवढे सुटे भाग चिमट्याने जोडत त्याने एका स्पर्धेसाठी महिनोन्महिने खपून केलेला. अगदी खरा वाटावा म्हणून वरून बारीक कुंचल्याने चिखल आणि गंजही रंगवलेला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वहिनीने तो पाहिला मात्र... अगं बाई, एवढी मेहनत आणि केवढा हा मळ! बिचारीने मोठ्या मायेने साबणाच्या पाण्यात, दात घासायच्या ब्रशने तो लख्ख घासून ठेवला.

"तू माझी आई नाहीस! होऊही नकोस!" असं म्हणून तो जो घराबाहेर पडला, तो पडलाच. पुढे फोन आला तरी दादालाच.

तो आत आला. घर पूर्वीसारखंच आरशासारखं चकचकीत. 'आमच्याकडे माशीसुद्धा पाय पुसून आत येते,' असं दादा उगाच नाही म्हणायचा! पण कपाटावर नजर गेली आणि तो थबकला. रणगाडा तिथेच होता... तोफेपासून पट्ट्यांपर्यंत धुळीने माखलेला.

"हा असा कसा?"

"तुला मळकाच हवा होता ना रे?" ती जवळच्या खुर्चीत टेकली. "तेव्हा मला मेलीला कळलं नाही. तुझ्यासारखा चिखल काही मला रंगवता येत नाही... म्हटलं, बसेल तेवढी धूळ बसू दे. सगळं घर पुसते मी, तेवढा एक सोडून. तू आलास की तुला दिसावा म्हणून..."

तो तिच्या पायाशी बसला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणीसारखा हुंदके देऊ लागला.

"वहिनी... इतका खरा मला कधीच जमला नसता गं!"

"काय म्हणालास?"

"इतका खरा मला..."

"ते नाही रे वेड्या! त्याच्या आधीचं!"