चौथा खड्डा

बबनराव आबांचा घरात दम कोंडायचा. परसात लाकडी डेक बांधून त्यांची खाट मोकळ्या हवेत टाकायची, ही कल्पना त्यांच्या दहावीतल्या नातीची, संस्कृतीची. नकाशा तिचा, मापंही तिचीच. असला डेक अख्ख्या शिरपुरात नाही, हे तिनं वर्गात केव्हाच सांगून टाकलं होतं.

"लाकूड मंग, आधी पाया," तनवीरचाचा म्हणाले. गावातले जुने मिस्त्री. "काळी माती हाय. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. मुरूम लागेस्तोवर खणा लागते, इंजिनेरबाई."

चार कोपऱ्यांना चार खड्डे घेतले. तिन्हींत कमरेइतक्यावर पिवळा मुरूम लागला. लिंबाजवळच्या चौथ्यात चाचा छातीपर्यंत उतरले, तरी काळी मातीच. सकाळी बोटं गारठत होती, आणि ती माती मात्र झोपलेल्या मांजरीच्या पोटासारखी कोमट.

"हा खड्डा बुजवून टाकू," चाचा म्हणाले. "डेक दुसरीकडं घेऊ."

तेवढ्यात आतून आबांची घरघर ऐकू आली.

"गिट्टी भरा न चाचा," संस्कृती म्हणाली. "आबाले अजून किती दिवस कोंडून ठेवाचं?"

गिट्टी कुटली. वर काँक्रीटचे ठोकळे बसवले. लेव्हल बघायला चाचांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं चौथ्या ठोकळ्यापाशी संस्कृतीनं.

"नळी हलवू नको, पोरी."

"मी कुठं हलवून राह्यली?"

तिच्या टोकातलं पाणी बोटभर चढलं. थांबलं. सावकाश उतरलं. पुन्हा चढलं.

तिनं श्वास रोखून पाहिला. पाणी आपलं चढत-उतरत राहिलं.

चाचा लांबूनच बघत होते. "अजून बी सांग. काम बंद करू?"

"नका करू."

लोखंडी सांगाडा बसला, फळ्या ठोकल्या. आबांना खाटेवर निजवलं, उशाशी स्टुलावर पाण्याचा ग्लास ठेवला. बघता बघता घरघर थांबली.

"लय हलकं वाटून राह्यलं," आबा म्हणाले. "तुह्या बापाले सुचलं असतं काय हे?"

संस्कृतीला आभाळ ठेंगणं झालं. वर्गाच्या ग्रुपवर टाकायला तिनं मोबाइल काढला. आबा बोलतच होते, जुन्या बैलजोडीबद्दल, पोहरादेवीच्या यात्रेबद्दल. पूर्वी दोन शब्दांत धाप लागायची. आता मधे कुठं थांबणंच नाही.

मोबाइल तिच्या हातात तसाच राहिला.

"आबा, घरात चालता का?"

"कायले?" आबा हसले.

ग्लासातलं पाणी बोटभर चढलं, थांबलं, सावकाश उतरलं.

आबांच्या छातीवरची सदऱ्याची गुंडी हलत नव्हती.