आठल्यांचा डावा हात

लीला आठल्ये खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. पर्समधून मोबाइल काढून त्यांनी गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या सुनीती दामलेसमोर ठेवला आणि पुन्हा तो हातात घ्यावा लागू नये म्हणून दोन्ही हात पदराखाली घेतले.

"त्यांना मारलं," त्या म्हणाल्या. "पाच दिवस लागले मारायला."

सुनीतीचे मामा, रघुनाथराव, चहा घेऊन येत होते. ते दारातच थांबले. "लीलाबाई, आठल्यांना जाऊन दोन वर्षं झाली."

"हो. काल पुन्हा गेले."

सुनीतीने पडद्यावरच्या तीन ओळी वाचल्या. 'द. आठल्ये. डावखुरा पिचर. खांदा निकामी, कारकीर्द समाप्त.'

कोलकात्यातल्या मराठी लोकांच्या गोदातीर मंडळाची बेसबॉल लीग इथे सॉल्ट लेकमध्येही सगळ्यांना ठाऊक होती. खेळ संगणकातला. अमेरिकेतल्या एका संकेतस्थळावर बारा संघ, बारा मालक. मालकाने रविवारच्या सामन्याआधी आठवड्याचा हुकूम भरायचा, कोणत्या दिवशी कोणता पिचर चेंडू फेकणार ते. एकदा आठवडा सुरू झाला की हुकूम बदलत नाही. संगणक रोज एक सामना खेळतो आणि निकाल सांगतो. लीलाबाईंचे यजमान दत्तात्रय आठल्ये यांनी ही लीग सुरू केली, कारण क्रिकेट काढलं असतं तर मंडळ फुटलं असतं. बेसबॉलमधलं कोणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे शहाणपणा करायला वाव नव्हता.

विभाग दोन. कोलकात्यात जन्मलेल्यांचा हुगळी, बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांचा बदली. दोन्हींतले पहिले संघ अंतिम सामना खेळत. हरलेल्या विभागाने दत्तजयंतीला पंगत वाढायची आणि जिंकलेल्यांनी पाटावर बसून मीठ कमी आहे म्हणायचं.

"पक्षाघाताने त्यांचा डावा हात गेला," लीलाबाई म्हणाल्या, "तेव्हा त्यांनी हा डावखुरा पिचर तयार केला. स्वतःचंच नाव दिलं. ते गेल्यावर संघ मी चालवते. रोज संध्याकाळी त्यांचं नाव वाचते, बस."

"आणि हुकूम कोणी बदलला?"

"पिचरला एका सामन्यानंतर चार दिवस विश्रांती लागते. रविवारी चार वाजता मी मंडळाच्या कचेरीतल्या संगणकावर नीट भरून आले. नंतर तिथूनच कोणीतरी सगळं पुसलं आणि सातही दिवस आठल्ये, पूर्ण सामना, राखीव खेळाडू नाही, असं घातलं. रविवार, सोमवार, मंगळवार... मला दिसत होतं, थांबवता येत नव्हतं. आमच्या हुगळीचा म्होरक्या पराग रोज फोन करायचा, काकू धीर धरा म्हणायचा. काल खांदा गेला."

सुनीतीने चहाचा कप खाली ठेवला. 

"नोंदीत वेळ आहे?"

"सकाळी आठ चाळीस. तिकडची. लीगप्रमुख मनोहररावांनी हिशोब केला, आपले सहा वाजून दहा मिनिटं. त्या वेळी कार्तिकी एकादशीचं कीर्तन चालू होतं, सगळे सभागृहात. एकटा तन्मय, मंडळातला तरुण, उशिरा आला, तोही कचेरीवरून. तिथल्या संगणकावर मला सगळं त्यानेच लावून दिलं, परवलीचा शब्द त्याला ठाऊक. म्हणून सगळे त्यालाच..." त्या थांबल्या. "तो पोरगा माझ्याकडे दर गुरुवारी जेवतो. आणि परागचं म्हणणं, शब्द मीच दिला म्हणजे जबाबदारी माझी, निकाल कायम. दुसऱ्या कोणी केलं हे उद्यापर्यंत सिद्ध झालं तरच आठवडा पुन्हा खेळवता येतो. रविवारी नवा सुरू झाला की संपलं."

"कीर्तनाच्या दिवशी असं," मामा हळहळले. "आणि काय रंगलं होतं! देवाचीही योजना बघ. साडेसातचा निकाल चुकणार म्हणून निम्मी मंडळी चुळबुळत होती, तर निकाल आला साडेआठला. आरती होईपर्यंत थांबला."

"नंतर?"

"आता रोज साडेआठच," लीलाबाई म्हणाल्या.

मनोहर गद्रे यंदाचे लीगप्रमुख आणि बदली विभागाचे म्होरके. त्यांचं कार्यालय फोर्ट विल्यमच्या बाजूला. जेवणाच्या सुट्टीत मैदानाच्या कडेला ते डबा उघडून बसले होते.

"संशय आमच्यावर येणारच," ते म्हणाले. "आठल्यांचा पिचर म्हणजे आमच्या घशातलं हाड. पण बाईमाणसाच्या नवऱ्याचं नाव रोज रोज असं... शी. पोळी उतरत नाही हो."

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? मामांना विचारा की. मध्यंतरात बुवांना हार मीच घातला." त्यांना तेवढ्यातही हसू आलं. "हाराचा मान हुगळीवाल्यांचा, पिढ्यान् पिढ्या. तीनदा पुकारलं, एक माणूस उठेना. शेवटी म्हटलं, आम्ही बदलीवाले, मिळेल त्या जागी रुजू होतो."

मामांनी मान खाली घातली. ते स्वतः हुगळीवालेच.

मनोहररावांनी आरतीनंतरचा फोटो दाखवला. मधोमध बुवा, शेजारी बुक्क्याची डबी पोटाशी धरलेले मामा, मागे लीलाबाई, तन्मय, मनोहरराव. घामेजलेले चेहरे, कपाळावर ओघळलेला काळा बुक्का. कडेला पराग, नुकताच आंघोळ करून आल्यासारखा नीटनेटका. सुनीतीने फोटो स्वतःकडे पाठवून घेतला.

"मध्यंतर किती वाजता झालं, मामा?"

"सातला पूर्वरंग संपला. मग पंधरा-वीस मिनिटं हार, बुक्का, भजन. साठ माणसं होती. माझ्या हातून एक कपाळ सुटलं नाही."

तन्मय बॅरकपूरहून लोकलने सियालदहला उतरला तो पडलेल्या खांद्यांनीच. फलाटावरच्या गर्दीतून त्याला बाजूला घेऊन तिघं एका खांबाशी उभी राहिली.

"सहा दहाला कुठे होतास?"

"कचेरीच्या दाराशी, मावशी. चपला काढत होतो." तो खोटं बोलला नाही. "आत गेलो नाही. पण हे कोण मानणार? काकूंनी मानलं तर पुष्कळ."

"नंतर?"

"मामांनी पकडलं. म्हणाले, उशिरा आलास, ही शिक्षा, माझ्याबरोबर राहा."

"दिलीच शिक्षा," मामा म्हणाले. "कीर्तनाला उशीर म्हणजे काय!"

पराग साठ्ये हुगळी विभागाचा म्होरक्या, कोलकात्यात तिसरी पिढी. त्याने बंगाली मिठाईची, संदेशची बशी पुढे सरकवली.

"मी पहिल्या रांगेत होतो. पूर्वरंग, उत्तररंग, आरती. उठलोसुद्धा नाही. सहा दहाला बुवा माझ्यासमोर गात होते, विचारा कोणालाही."

"सहा दहाला होतात, हे सगळेच सांगतात."

"मग झालं. काकूंसाठी जीव तुटतो हो. पण भावनेवर लीग चालत नाही. त्यांचा संघ घसरला, आता हुगळीची अब्रू राखायचं माझ्यावर आलं. आमचाच संघ पहिला."

सुनीतीने संदेशला हात लावला नाही.

शनिवारी संध्याकाळी मंडळात साप्ताहिक भजन असे. त्याआधी सुनीतीने चौघांना कचेरीत बसवलं. मामा दाराशी डबी घेऊन उभे राहिले.

"सगळे विभागांकडे बघत बसलात," ती म्हणाली. "हुगळीचा पिचर गेला, म्हणजे बदलीवाल्यांचं काम. पण अंतिम सामन्याला हुगळीतून एकच संघ जातो. पिचर जाण्याआधी पहिला कोण होता? लीलाकाकू. आता कोण आहे?"

पराग हसला. "सहा दहाला मी पहिल्या रांगेत होतो."

"होतात. पण हुकूम सहा दहाला बदललाच नाही. मनोहरराव, आठ चाळीसचे सहा दहा कसे केलेत?"

"नेहमीसारखे. साडेनऊ तास मिळवले."

"नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात. त्या दिवसापासून साडेदहा तास मिळवायला हवेत. म्हणून साडेसातचा निकाल साडेआठला येऊ लागला. मामा, देवाने आरतीसाठी थांबवला असेलही, पण मग तो रोजच थांबतोय. हुकूम बदलला सात वाजून दहा मिनिटांनी. मध्यंतरात."

मामांचा चेहरा हळूहळू उजळला. "त्या वेळी तर तन्मय माझ्याबरोबर होता. बुक्क्याची डबी त्यानेच धरली होती."

"साठ कपाळं होईपर्यंत. त्याची निर्दोष सुटका गेला आठवडाभर तुमच्या हातात होती, मामा."

मामा डबीकडे बघत राहिले.

"मनोहरराव सगळ्यांसमोर हार घालत होते. आता हा फोटो. तुमच्या हातून एकही कपाळ सुटलं नाही ना? मग परागरावांचं कपाळ बघा, कोरं."

"घाम आला, पुसलं," पराग म्हणाला. "मला ते काळं आवडत नाही."

"असेल. पण हाराचा मान हुगळीचा, आणि तुम्ही हुगळीचे म्होरके. तीनदा पुकारलं. उठलोसुद्धा नाही, असं तुम्हीच मला सांगितलंत. ते खरं असेल तर पहिल्या रांगेत बसून पिढीजात मान का सोडलात?"

पराग दाराकडे बघू लागला.

"कारण तुम्ही या खुर्चीवर होतात. भिंतीपलीकडे तुमचं नाव पुकारलं जात होतं आणि तुम्ही एकेका दिवसापुढे 'आठल्ये' लिहीत होतात. काकूंचा परवलीचा शब्द या संगणकात जपलेलाच आहे, चोरावाही लागला नाही. मग मनोहररावांचा हिशोब चुकला, वेळ सहा दहा निघाली, तन्मय सापडला. तुम्हाला खरी वेळ माहीत होती. गप्प बसलात."

"खेळ आहे हो," पराग शेवटी म्हणाला. आवाज अगदीच लहान झाला होता. "सहा वर्षं दुसरा येतोय. एका... मेलेल्या माणसाच्या मागे. संगणकातलं नाव होतं ते. खरा माणूस थोडाच होता?"

 मोठे गुन्हे सुनीतीने पाहिले होते, त्यांत निदान भूक होती, राग होता. हे म्हणजे देवाच्या पाण्यात कोणी चूळ भरावी तसं.

लीलाबाईंनी परागकडे पाहिलं. "तू रोज फोन करायचास."

"हो, काकू."

"निकाल लागल्यावर पाच मिनिटांत. मी रडते का, ते ऐकायला?"

तो उठला आणि दारापर्यंत गेला. बाहेर टाळ सुरू झाले होते, वाट माणसांतूनच होती. तो तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. कोणी त्याला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

मनोहररावांनी प्रमुखाच्या अधिकारात आठवडा मागे घेतला, लीलाबाईंचा मूळ हुकूम परत घातला आणि परागचा संघ यंदापुरता बाद केला. मग ते तन्मयसमोर गेले. "हिशोब माझा चुकला, बाबा. तुझ्या वाट्याची पंगत मी वाढेन." पडद्यावर नवी ओळ आली. 'द. आठल्ये. डावखुरा पिचर. तंदुरुस्त.'

भजन संपता संपता सुनीती मोरीपाशी गेली, तर मामा नळाखाली हात धूत होते.

"सगळ्यांना लावलात?"

"सगळ्यांना."

"त्यालासुद्धा?"

"बुक्का माणूस पाहून लावायचा नसतो, सुनीती." ते पुन्हा साबणाकडे वळले. "हात मात्र दुसऱ्यांदा धुतोय."

कचेरीत लीलाबाई पुढच्या आठवड्याचा हुकूम भरत होत्या. तन्मय शेजारी बसला होता आणि मनोहरराव मागून डोकावत होते.

"वहिनी, पुढचा आठवडा निर्णायक आहे," ते म्हणाले. "आठल्यांना कोणत्या दिवशी उतरवताय ते सांगा, म्हणजे आम्ही त्या दिवशी उपास धरतो."

"तुम्ही पंगतीची वाढपी मंडळी ठरवा," लीलाबाई म्हणाल्या. मग तन्मयला म्हणाल्या, "लिही. रविवार, दुसरा कोणी. सोमवारही."

"आणि काका?"

त्यांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं, खांद्यावर ठेवावं तसं.

"शनिवारपर्यंत विश्रांती. दमले असतील."