सदतिसावा फोटो

माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे डोळ्यांना खरं दिसतं काय आणि नुसतं भासतं काय, यातला फरक मला बऱ्यापैकी कळतो. तेव्हा नीट ऐका आणि मध्ये हसू नका.

दादा गेला आणि त्याचा रोलचा कॅमेरा माझ्याकडे आला. देताना वहिनीनं एकच अट घातली. वापरणार असाल तर ठेवा, कपाटात कुजवायचा असेल तर कुणा हौशी माणसाला देऊन टाका. मी दोन वर्षं आज-उद्या करत राहिलो. माझ्याकडे डिजिटल होता, खटाखट काढा आणि नको ते पुसा. रोल म्हणजे धुवायला द्या, स्कॅन करून घ्या, तोवर फोटोतलं तान्हं मूल शाळेत जायला लागतं.

रोलमध्ये फोटो छत्तीस. दादा मात्र रोल इतक्या बेतानं भरायचा की सदतीस काढायचा. मला ते कधी जमलं नाही. आणि निम्म्या फोटोंच्या कोपऱ्यात त्याचा स्वतःचाच अंगठा! घरात त्यावरून त्याची काय थट्टा व्हायची.

वहिनीच्या साठाव्या वाढदिवसाला मी दोन्ही कॅमेरे घेऊन गेलो. वहिनीचं हसू जो पकडेल तो राहील, दुसरा जाईल, असं मनाशी ठरवलं होतं. कारण दादा गेल्यापासून फोटो म्हटलं की तिचा चेहरा मिटायचा.

भर दुपार होती, खिडक्या उघड्या, घर माणसांनी भरलेलं. छत्तीस फोटो झाले, वहिनी एकातही हसली नाही. रोल संपला. तो कॅमेरा गळ्यातच ठेवून मी डिजिटल काढला, लेन्सचं झाकण दातात धरलं... आणि वहिनी एकदम खळखळून हसली. तिच्यामागोमाग सगळेच. मी टिपलं. फोटोत सगळे माझ्या डाव्या खांद्यावरून मागे बघत होते, एवढीच काय ती खोट. मागे दोन पावलांवर भिंत होती.

डिजिटल जिंकला. दादाचा कॅमेरा रोल धुऊन स्कॅन करून देणाऱ्या दुकानदारालाच द्यायचं ठरवलं, माणूस जीव लावणारा होता. वाढदिवसाचा तो शेवटचा रोल आणायला गेलो, कॅमेरा त्याच्या टेबलावर ठेवला, तर तो म्हणाला, "सदतीस निघाले की हो तुमचे."

"छत्तीस..." मी म्हटलं.

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. कोपऱ्यात अंगठा. मला घाम फुटला, आणि खरं सांगतो, त्या घामातच हसू आलं. कॅमेरा उचलला आणि तडक वहिनीचं घर गाठलं.

तिनं फोटो पाहिला. कोपऱ्यावर हळूच बोट ठेवलं. डोळे भरलेले, पण ती हसत होती.

"वहिनी, त्या दिवशी हसलीस कशाला?"

"अहो भाऊजी, तुम्हीच नाही का म्हणालात... बाईसाहेब, इकडे?"

तिला तसं फक्त दादा म्हणायचा. आणि माझ्या दातात तर झाकण होतं.

कॅमेरा आता कुठे जात नाही. दर महिन्याला मी रोल भरतो, वहिनी हौसेनं नटून समोर बसते, आणि मला इतका आनंद होतो की विचारू नका. फक्त तो सदतिसावा मी मोठा करून बघत नाही. त्यात सगळं घर थेट कॅमेऱ्यात बघून हसतंय. पुढे माझी पाठ आहे, हातात डिजिटल. आणि माझ्या मानेवर दादाच्या कॅमेऱ्याचा पट्टा आहे.