मांडीवरचा मॅग्नेटो

यातलं एक अक्षरही मी रंगवलेलं नाही. रंगवायचंच असतं तर शेवट तरी धड केला असता.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची भर दुपार होती. गॅरेजचं शटर अर्धं वर, रस्त्यावर शुकशुकाट.

गॅरेज माझं आणि दादाचं. लोखंड त्याचं, तारा माझ्या. घरी आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण कामात एकमेकांवर डोळे मिटून विश्वास.

गाडी डॉक्टरीणबाईंची होती. त्यांच्या आजोबांनी घेतलेली, अगदी पहिल्यावहिल्या मोटारींपैकी. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पुढचं हँडल हातानं फिरवायचं. मॅग्नेटो नावाचा जडशीळ डबा असतो, त्याचा दांडा इंजिनाबरोबर फिरला की ठिणगी पडते.

ठिणगी कमजोर होती, म्हणून मी मॅग्नेटो उतरवून मांडीवर घेतला होता. त्याच्या रिकाम्या जागेतून हात घालून दादा आतली दातेरी चाकं साफ करणार होता. अशा वेळी हँडल जरा जरी फिरलं तरी बोटं गेलीच. म्हणून आमचा नियम. आधी तो विचारणार, मी सांगणार, मगच हात आत.

"मॅग्नेटो?"

"माझ्याकडे."

"हँडलपाशी कोणी?"

"कोणी नाही. घाल."

मीच म्हणाले, घाल.

त्यानं उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. थोडा वेळ नुसती फडक्याची खसखस. मग...

कट्.

हँडल हललं होतं. एवढंसं.

"दादा, गंमत करू नकोस हं."

"हात आत आहे माझा. नाकानं फिरवू का हँडल?"

मी हसले. तेवढ्यात मांडीवर काहीतरी वळवळलं...

मॅग्नेटोचा दांडा फिरत होता.

पुढे हँडलही तेवढंच फिरत होतं. सावकाश. कोणीतरी इंजिनाचा अंदाज घ्यावा तसं.

हँडल आणि मॅग्नेटोला जोडणारी एक तारसुद्धा नव्हती.

"हात काढ!"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"निघत नाहीये."

"अडकला?"

"नाही गं... आतून धरलाय."

मी दोन्ही मुठींनी दांडा आवळला. झटका बसला, दात वाजले, पण सोडला नाही. दांडा मुठीत जोर करत होता. मी रडत होते, शिव्या घालत होते. कोणाला, ते माहीत नाही.

हँडल थांबलं.

दादा धाडकन मागे पडला. बोटं सगळी शाबूत होती. मी त्याला मिठीच मारली.

मग आम्ही हात नीट पाहिला...

स्वच्छ होता. कोपरापर्यंत. नखांतसुद्धा काळं नाही. इतकी वर्षं साबणानं घासून जे निघालं नव्हतं, ते कोणीतरी पुसून काढलं होतं. डावा मात्र नेहमीसारखा ग्रीसनं माखलेला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, गाडी घेऊन जा म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "दोघं आहात ना अजून?"

दादा ठणठणीत आहे. चेष्टामस्करीही चालू असते. पण त्या हाताला आता काळं लागतच नाही. ग्रीसच्या डब्यात बुडवला तरी.

परवा मला ताप होता. डोळे मिटून पडले होते. दादा उशाशी येऊन बसला आणि कपाळावर हात ठेवला.

मी झटकन डोळे उघडले आणि आधी कोणता हात आहे ते पाहिलं.

त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं तो हात काढून घेतला आणि डावा ठेवला.