पहिल्या हाकेची ओ

हसता कशाला रे? सहदेव गिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर होता. साच्यात सापडून त्याचा उजवा अंगठा तिरका चिरला, तेव्हा फडकं मीच बांधलं. थापा मारणारा माणूस नव्हे तो.

चोपन्न सालचा डिसेंबर, पंचवीस तारीख, शनिवार. वर अमावस्या. संध्याकाळी सहदेव सांताक्रूझहून औषधाची बाटली घेऊन वाकोल्याला गेला, त्याच्या गाववाल्याकडे, लवूकडे. हा लवू दारूबंदीच्या केसमध्ये सहा महिने आत होता. दुसऱ्याचा दारूचा डबा उचलला, एवढाच गुन्हा. आत गेला तेव्हा पैलवान गडी, बाहेर आला तो रक्त ओकत. एका खोलीत तीस माणसं कोंबल्यावर दुसरं काय होणार? मला अजून चीड येते.

सुटकेच्या कागदावर अंगठा दिला, पण आगीतून फुफाट्यात. रोज रात्री दीड वाजता हवालदार हजेरी घ्यायला येई आणि दाराबाहेरून एकच हाक मारी, "लवू!" आतून ओ आली की वहीत पेन्सिलीची रेघ. नाही आली की गैरहजर, पुन्हा कोठडी. या धास्तीनं लवू रात्रभर बसून काढी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपला नाही तर जगत नाही. आणि पुन्हा आत गेला तर संपलाच.

सहदेव म्हणाला, "आज तू नीज. ओ मी देतंय."

लवूची बायको शेवंती घाबरली. "भावजीनू, रात्रीच्या पयल्या हाकेक ओ देव नये. तिसऱ्या हाकेक देवची. भूत तिसरी हाक मारणा नाय."

"वयनी, हवालदार काय तीन हाका मारतलो?"



लवू झोपला. कित्येक महिन्यांनी घोरायला लागला. सहदेव दाराला टेकून बसला. लांब कुठेतरी नाताळची गाणी चालली होती, तीही थांबली.

मग...

"लवू!"

"ओ!"

बूट वाजले नाहीत. कुत्रं भुंकलं नाही. आतलं घोरणं तेवढं थांबलं. सहदेवला बरं वाटलं. गाढ झोप लागली असेल...

थोड्या वेळानं गल्लीत बूट वाजले. दाराशी आले. थांबले.

"लवू!"

सहदेवनं कसंबसं दार उघडलं.

"हवालदारसाहेब, मघाशीच तर..."

"मघाशी कोण? मी आत्ता येतोय. दीड वाजतोय बघ."

शेवंतीनं चिमणी लावली. लवूच्या कपाळाला हात लावला.

गार.

ती सहदेवकडे नुसती बघत राहिली...

हवालदारानं टोपी काढली. शेरा लिहायला बगलेतली वही उघडली, आणि त्याची पेन्सिल खाली पडली.

लवूच्या नावापुढे, त्या रात्रीच्या रकान्यात, अंगठा उठला होता. सुटकेच्या कागदावर घेतात तसा. लाल. अजून ओला.

त्याच्या मधोमध एक तिरकी चीर होती.