दुसऱ्या बाईंचा जबाब

सोमवारी सकाळी साडेसातला ताई प्रयोगशाळेत आल्या. फ्रिजचं तापमान वहीत लिहिलं आणि रक्ताच्या पहिल्या वीस नळ्या यंत्रात फिरायला लावल्या. चपलांच्या दुकानावरचा मजला, खोल्या तीनच. बाहेर काउंटर, मध्ये रक्त घ्यायची खुर्ची, आत तपासणीची खोली. तिथे दोन संगणक होते, एक खिडकीशी, एक फ्रिजशेजारी. खिडकीशी ताई बसत, गेली अठरा वर्षं. फ्रिजशेजारी कोणी बसत नसे.

त्याचंही एक कारण होतं. कुठलाही रिपोर्ट दोन वेगळ्या माणसांनी तपासल्याशिवाय बाहेर जायचा नाही, हा नियम संगणकातच बसवलेला होता. तीन वर्षांपूर्वी दुसरी तंत्रज्ञ बाळंतपणाला गेली ती परतलीच नाही. नवीन माणूस मागितला की डॉक्टर म्हणायचे, "बघतो, बघतो." मग एका दिवशी नव्वद रिपोर्ट अडकले, तेव्हा म्हणाले, "ताई, तुम्हीच काढा ना काहीतरी मार्ग."

ताईंनी मार्ग काढला. कधी जन्मालाच न आलेल्या एका बाईच्या नावाने खातं उघडलं. स्वतःची तपासणी झाली की त्या उठून फ्रिजशेजारी जात, मन पाटीसारखं कोरं करत आणि परक्या माणसाने बघावा तसा तोच रिपोर्ट पुन्हा बघत. फसवणूकच ती, पण मन लावून केलेली. काउंटरवरच्या मावशी त्या खात्याला दुसऱ्या बाई म्हणायच्या. "काय हो, दुसऱ्या बाईंचं अजून आटपलं नाही वाटतं?" असं बाहेरून ओरडायच्या, आणि सगळे हसायचे.

त्या सोमवारी दहा वाजता डॉक्टर आत आले ते पडलेला चेहरा घेऊनच. अकराशे रुग्णांचे रिपोर्ट बाहेर फुटले होते. एक बसचालक फिट येऊ नये म्हणून गोळ्या घेत असे. त्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण दाखवणारा रिपोर्ट त्याच्या मालकाच्या मोबाइलवर पोचला होता. मालकाने त्याला त्याच दिवशी घरी बसवलं.

"चौकशी लागलीये," डॉक्टर म्हणाले. "कोणाच्या तरी गळ्यात पडणार हे." बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. चौकटीत परवाना होता, आणि परवान्यावर नाव ताईंचं होतं.

मंगळवारी चौकशी अधिकारी आले. किडकिडीत, हळू बोलणारे. त्यांनी संगणकातल्या नोंदी छापून आणल्या होत्या. शुक्रवारी दुपारी तीन चाळीसला दुसऱ्या बाईंच्या खात्यातून एक मेल उघडला गेला होता. मेल डॉक्टरांच्या नावाचा, पण खोटा. त्यात पासवर्ड मागितला होता आणि तो कोणीतरी टाइप करून दिला होता. पुढचं सगळं पाच मिनिटांत आटोपलं होतं.

"फ्रिजशेजारच्या संगणकावरून," अधिकारी म्हणाले.

ताईंनी आपल्या संगणकाच्या नोंदी काढल्या. तीन अडतीस ते तीन पंचेचाळीस या वेळात त्यांनी खिडकीशी बसून अकरा नमुन्यांचे आकडे भरले होते, साधारण चाळीस सेकंदांना एक. दोन खुर्च्यांमध्ये चार पावलांचं अंतर. पासवर्ड कुठे लिहिलेला नव्हता, कोणाला सांगितलेला नव्हता. ताईंनी वेळा कागदावर एकाखाली एक मांडल्या, तीनदा पडताळल्या. हिशेब काही जुळेना. आपणच चार पावलं जाऊन आलो आणि विसरलो? चाळीस सेकंदांत?

त्या बाहेर आल्या. "मावशी, शुक्रवारी दुपारी आत कोण आलं होतं?"

"कोणी नाही. तुम्ही दोघीच तर होतात."

"दोघी कोण?"

"तुम्ही आणि दुसऱ्या बाई."

"मावशी, थट्टेची वेळ आहे का ही?"

मावशींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "थट्टा कसली? हळू बोला, ताई. ऐकलं तर वाईट वाटेल त्यांना." आणि त्या पुन्हा नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागल्या.

मावशी आपल्याला वाचवायला बघताहेत, अशी ताईंनी स्वतःची समजूत घातली. बुधवारी त्यांनी तीन वर्षांचे रिपोर्ट उघडले. दुसऱ्या बाई म्हणजे आपणच, हे त्यातून सिद्ध होणार होतं. झालं भलतंच. चौदा रिपोर्ट दुसऱ्या तपासणीत परत पाठवलेले निघाले, आणि प्रत्येकाखाली शेरा होता. 'पोटॅशियम एवढं असणार नाही. पेशी फुटल्यात, रक्त पुन्हा घ्या.' 'नावं सारखी आहेत, नळ्या बदलल्यात का बघा.' चुका ताईंच्या होत्या. त्या दुरुस्त केल्याचं त्यांना आठवत होतं. शेरे लिहिल्याचं मात्र आठवत नव्हतं. शेवटच्या शेऱ्याखाली लिहिलं होतं, 'ताई, आज दमलेल्या दिसता. जरा बसा.'

त्या बराच वेळ ते वाक्य वाचत राहिल्या. मागे फ्रिज घुरघुरत होता. वळून बघायचं त्यांनी टाळलं.

संध्याकाळी घरी त्यांनी वडिलांना सगळं सांगितलं. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय बोलायचे नाहीत.

"म्हणजे अशी बाई नाहीच?"

"नाही, बाबा. मी बनवली."

"मग पासवर्ड कोणीही देऊ दे, दार तू उघडं ठेवलंस. सांगून टाक उद्या."

"परवाना जाईल."

"जाईल," बाबा म्हणाले. "त्या ड्रायव्हरची नोकरी गेलीच ना?"

गुरुवारी दुपारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये ताई अधिकाऱ्यांसमोर बसल्या. वाक्य पाठ करून आल्या होत्या. "साहेब, मला एक सांगायचंय. ते दुसरं खातं..."

"त्याची गरज नाही आता." अधिकाऱ्यांनी एक कागद पुढे सरकवला. "त्यांनी जबाब दिलाय."

"कोणी?"

"तुमच्या सहकारी बाईंनी. काल इथेच बसून लिहिला."

अक्षर बारीक, सरळ होतं. 'मेल मी उघडला. पासवर्ड मी दिला. ताईंना यातलं काहीही माहीत नव्हतं. सगळी जबाबदारी माझी आहे.'

ताईंनी कागद खाली ठेवला. "दिसायला... कशा होत्या?"

अधिकारी गोंधळले. "म्हणजे? तीन वर्षं एका खोलीत काम करता ना तुम्ही?"

डॉक्टर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"रडल्या वगैरे नाहीत," अधिकारी म्हणाले. "एवढंच विचारलं, ताईंची नोकरी राहील ना? म्हटलं, राहील. त्यांना मात्र काढावं लागेल, त्यांचा परवानाही रद्द होईल, हेही सांगितलं. बरं म्हणाल्या." त्यांनी पेन पुढे केलं. "हा जबाब खरा आहे, म्हणून इथे सही करा. प्रकरण मिटलं."

पाठ केलेलं वाक्य ताईंच्या ओठांवर होतं. अशी बाई नाही. एवढेच तीन शब्द.

पेपरवेट थांबला.

ताईंनी सही केली.

त्या आतल्या खोलीत गेल्या तेव्हा फ्रिजशेजारचं टेबल स्वच्छ पुसलेलं होतं. मावशी कोपऱ्यात डोळे टिपत होत्या. त्यांनी ताईंकडे पाठ फिरवली.

ताई पाच वाजताच घरी निघाल्या. लख्ख ऊन होतं. भाजीवाल्यापाशी थांबून त्यांनी मुद्दाम टोमॅटो निवडून घेतले, एकेक हातात धरून.

दार बाबांनी उघडलं. ते रागावलेले होते.

"आणि मला सांगत होतीस, अशी कोणी नाहीच म्हणून!"

ताई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"दोन तास झाले येऊन बसलीये बिचारी. नोकरी गेली, जायला जागा नाही. मी म्हटलं, राहा इथेच, माझ्या मुलीच्या खोलीत."

आतून नळाचा आवाज येत होता. कोणीतरी हात धूत होतं, सावकाश, कोपरापर्यंत, प्रयोगशाळेत धुतात तसे.

"एकच विचारत होती सारखं," बाबा म्हणाले. "तू सही केलीस का."

आत नळ बंद झाला.