बाजू संपेपर्यंत

शटर अर्धं खाली ओढ रे, आणि ते मोबाइल उपडे ठेवा. तुमच्या मशीनला गोंद लावलाय. तो सुकेपर्यंत मशीन हलत नाही आणि तुम्हीही हलत नाही. मघाशी कुणीतरी विचारलंत ना, की काका, दुकानात आलेली प्रत्येक रेकॉर्ड तुम्ही वाजवून बघता, मग कोपऱ्यातल्या त्या पेटीला हात का लावत नाही? सांगतो. ती पेटी माझ्या एका गिऱ्हाइकाची आहे. मी त्याच्याकडे मशीनची सुई बदलायला गेलो होतो, तेव्हा त्याने मला हे सांगितलं आणि वर पेटीही गळ्यात मारली. सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

गिऱ्हाईक म्हणजे चौकातला चष्मेवाला. माणूस लाखात एक. गरिबाची काडी फुकट बसवून देईल, म्हाताऱ्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून देईल. पण कुणाच्या तोंडावर वाईट बातमी सांगायची म्हटली की याच्या तोंडाला कुलूप. लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावायचा, आणि स्वतःला दोन शब्द बोलायचे तर घाम फुटायचा. असतात अशी माणसं. मला त्यांचा राग येतो, पण वाईटही वाटतं.

त्याचा एकच जिवाभावाचा मित्र, चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झालेले. दोघांना एकच वेड, ते म्हणजे फ्री जाझच्या जुन्या, कुठेही न मिळणाऱ्या रेकॉर्डी. फ्री जाझ म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल तर सुखी आहात. त्यात चाल नाही, ठेका नाही, वाजवणारा प्रत्येक जण आपल्या मनाचा राजा. मास्तरांची बायको, म्हणजे चष्मेवाल्याच्या वहिनी, म्हणायच्या, "भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली आलं तर असंच वाजेल. आणि फुकट वाजेल." मैफल सुरू झाली की त्या मधलं दार लावून घ्यायच्या आणि आत आपलं शिवण घेऊन बसायच्या.

मास्तरांचा एक नियम होता. सुई टेकली की डोळे मिटायचे. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. बाजू संपली की मग तोंडं सुटायची, आणि ती काय सुटायची! एका रेकॉर्डमध्ये मध्येच काहीतरी खाली पडल्याचा आवाज येतो. मास्तर म्हणायचे, सॅक्सोफोनचं टोपण. चष्मेवाला म्हणायचा, कुणाचा तरी बूट. दुसऱ्या गावी एक दंतवैद्य होता, याच पंथातला. तो फोनवरून तिसरंच काहीतरी सांगायचा. या बुटावर त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला.

हसा. पण मास्तरांचं म्हणणं होतं की या संगीतात चूक असं काही नसतंच. "त्या वेळी त्या खोलीत जे झालं ते सगळं रेकॉर्डच्या खाचेत उतरलंय," ते म्हणायचे. "कुणी खोकला तर खोकलासुद्धा त्यातलाच." चष्मेवाल्याला हे फार पटायचं.

ही बुटाची रेकॉर्ड त्यांची सगळ्यांत लाडकी. एका रिकाम्या गोदामात वाजवलेली. दोन सॅक्सोफोन आणि एक डबल बेस, ते माणसाएवढं उंच तंतुवाद्य असतं ते. बाकी काही नाही. ड्रम नाही. प्रती मोजक्याच निघाल्या होत्या, कव्हरं वाजवणाऱ्यांनीच हाताने रंगवलेली. एक मास्तरांकडे होती, एक दंतवैद्याकडे. बाकीच्या कुठे गेल्या कुणास ठाऊक.

मागच्या मार्चमध्ये एका रात्री मास्तर गेले. तीच रेकॉर्ड ऐकता ऐकता, खुर्चीत. शेजारी चष्मेवाला होता, मधल्या दारापलीकडे वहिनी होत्या. बाजू संपली, चष्मेवाल्याने डोळे उघडले, आणि मास्तर एका बाजूला कलले होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं.

वहिनींनी तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, विचारलं. "भाऊजी, त्यांनी हाक मारली का हो? मी दार लावून बसले होते. मला ऐकू आली नसेल."

"नाही वहिनी," चष्मेवाला म्हणाला. "काही कळायच्या आत गेले. आवाजसुद्धा नाही."

आता खरं काय झालं होतं ते ऐका. आवाज झाला होता. दुसरी बाजू अर्ध्यावर असताना मास्तरांच्या खुर्चीतून ठोके आले होते. बोटाचं हाड लाकडावर आपटावं तसे. तीन ठोके. थोडं थांबून पुन्हा तीन. चष्मेवाल्याने डोळे मिटलेलेच ठेवले. त्याला वाटलं, मास्तर आज रंगात आलेत, ठेका धरतायत. पुन्हा तीन आले, जरा हळू. मग दोन. मग काही नाही.

ठेका! ज्या संगीतात ठेकाच नाही, त्यात मास्तर ठेका कसला धरतील? हे त्याच्या तेव्हाच मनात आलं होतं. अगदी तेव्हाच, तिसऱ्या खेपेला. पण बाजू संपायची होती, आणि तो उठला नाही.

हे ओझं घेऊन तो आठ महिने चष्मे विकत होता. वहिनी भेटल्या की दर वेळी फिरून तोच प्रश्न, आणि याचं तेच उत्तर. वहिनींची झोप उडाली होती. मधलं दार त्यांनी बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं.

मग नोव्हेंबरातला दुसरा शनिवार उजाडला. सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, मी ती खोली भाड्याने देतेय. त्यांच्या रेकॉर्डी तुम्ही घेऊन जा, त्यांची तशीच इच्छा होती." याने दुकान बंद केलं, एक रिकामी पेटी घेतली आणि रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांच्या दारात उभा राहिला. थंडी होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मनाशी त्याने ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं. जिन्यातसुद्धा तो ते वाक्य पाठ करत होता.

वहिनींनी दार उघडलं. वाळल्या होत्या पार. रेकॉर्डी भरून झाल्या. शेवटची एक राहिली, तीच. ती वहिनींनी हातात धरून ठेवली होती.

"ही लावा," त्या म्हणाल्या.

"आत्ता? वहिनी, रात्र झालीय, शेजारीपाजारी..."

"इतकी वर्षं शेजाऱ्यांनी ऐकलंय, आज एकदा माझ्यासाठी ऐकतील. मी कधी त्यांच्यासोबत बसले नाही हो. ते काय ऐकत ऐकत गेले, तेवढं मला ऐकू दे. ती दुसरी बाजू."

काय बोलणार? त्याने रेकॉर्ड पुसली, लावली. वहिनी भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या, तो आपल्या नेहमीच्या जागी. मधे मास्तरांची खुर्ची, तशीच, रिकामी. सुई टेकली. त्याने सवयीने डोळे मिटले.

सॅक्सोफोन सुरू झाले. बेस खालून कुरकुरू लागला. ही बाजू त्याला तोंडपाठ होती. कुठे श्वास घेतलाय, कुठे दार वाजतं, कुठे लांबून गाडी जाते, सगळं. तो एकेक खूण मनात ओलांडत होता आणि आपलं वाक्य जुळवत होता. बाजू संपली की सांगू. संपली की लगेच.

दार वाजलं. गाडी गेली.

मग ठोके आले.

तीन.

रेकॉर्डमध्ये हे नव्हतं. कधीच नव्हतं. मनाचे खेळ, तो स्वतःला म्हणाला.

पुन्हा तीन.

आवाज स्पीकरमधून येत होता... पहिल्यांदा तरी. दुसऱ्या खेपेला तो अलीकडे आला होता. खुर्चीच्या अंगाने. लाकडावर हाड.

"भाऊजी..." वहिनींचा आवाज. "हे काय वाजतंय?"

हीच वेळ होती. वाक्य जिभेवर होतं. त्याने तोंड उघडलं.

"काही नाही वहिनी. रेकॉर्डमधलंच आहे ते."

असं म्हणाला तो. मला सांगतानाही त्याने ते तसंच म्हणून दाखवलं. मऊ आवाजात. समजूत घालावी तसं.

ठोके थांबले नाहीत. तीन... तीन... घाईने आता. खुर्चीचा वेत कुरकुरला. कुणीतरी बसलं असल्यासारखा. कुणीतरी उठायला बघत असल्यासारखा...

डोळे उघडायचे होते त्याला. उघडेनात.

उठायचं होतं. पाय जागचे हलेनात.

तीन.

मग दोन.

तेवढ्यात स्टूल सरकलं. वहिनी उठल्या होत्या! बाजू संपायच्या आत. त्यांना कसला नियम? त्यांची पावलं खुर्चीकडे गेली. धावत.

"आले... अहो, आले मी. आले हो..."

ठोके एकदम थांबले.

रेकॉर्ड वाजत राहिली. सॅक्सोफोन, बेस. ठोका नाही. बाजू संपली, सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. वहिनी खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या होत्या. खुर्चीच्या हातावर त्यांनी आपले दोन्ही हात ठेवले होते, कुणाचा तरी हात झाकून धरावा तसे. रडत नव्हत्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा शांत दिसत होता.

मग त्यांनी मान वर केली.

"त्या रात्रीही रेकॉर्डमधलंच होतं का, भाऊजी?"

तो पेटीकडे बघत राहिला. त्या उठल्या, सुई उचलली, रेकॉर्ड कव्हरात घालून पेटीत ठेवली आणि जिन्यातला दिवा लावून दिला. "सांभाळून उतरा," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी त्याला कधी फोन केला नाही. भाडेकरू आला, चांगला आहे म्हणतात. वहिनींना आता झोप लागते.

चष्मेवाल्याने पेटी घरी नेली आणि पलंगाखाली सरकवली. उघडली नाही. शपथेवर सांगत होता, आणि मी विश्वास ठेवतो.

सोमवारी दुपारी, भर उन्हात, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना दंतवैद्याचा फोन आला. त्या दोघांचं बोलणं बुटाच्या वादानंतर तुटलंच होतं. मास्तर गेले हे त्याला कळलं होतं, पण कसे, काय, ते काही नाही. इकडची तिकडची चौकशी झाली. मग म्हणाला, "अरे, एक विचारायचं होतं. आपली ती गोदामातली रेकॉर्ड. काल रात्री लावली होती. तीस वर्षं ऐकतोय मी ती. माझी प्रत या घराबाहेर गेलेली नाही, कुणाला हात लावू देत नाही मी."

"मग?"

"दुसऱ्या बाजूला, अर्ध्यावर... ठोके आहेत रे."

समोरचं गिऱ्हाईक काचेत स्वतःला न्याहाळत होतं.

"आणि ठोक्यांच्या मधे एक माणूस बोलतो," दंतवैद्य म्हणाला. "काल मला नीट कळलं नाही कोण ते. आज तुझा आवाज फोनवर ऐकला आणि... थांब, ऐकवतो. तूच सांग."

फोन स्पीकरजवळ नेल्याची खरखर झाली. सॅक्सोफोन. बेस. तीन ठोके. पुन्हा तीन. मग त्याचा स्वतःचा आवाज, मऊ, समजूत घालणारा.

"काही नाही वहिनी. रेकॉर्डमधलंच आहे ते."

तो कान लावून पुढचं ऐकत राहिला. स्टूल सरकल्याचा आवाज येईल म्हणून, वहिनींचं ते "आले" येईल म्हणून. बाजू संपेपर्यंत ऐकलं त्याने. ते त्यात नव्हतं. नुसते ठोके होते. हळू होत गेलेले. आणि मग तेही नाहीत.